रस्ता वाचायला शिकूया : आपला नगर-मनमाड महामार्ग

विद्यार्थी मित्रांनो, राहुरीतून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड कधी नीट बघितलाय का? डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर गावरस्ता. आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६०.

नगरहून येताना आधी १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ लागतं, मग मुळा नदी, मग राहुरी. पुढे कोल्हारला प्रवरा ओलांडली की शिर्डीची वाट. दोन नद्यांच्या पाण्यावरचा ऊस आणि साईभक्तांच्या गाड्या, सगळं या एकाच रस्त्यावर!

गळीत हंगामात तर विचारूच नका. ट्रॅक्टरमागे बऱ्याचदा दोन ट्रॉल्या असतात. म्हणून ट्रॅक्टर गेला की लगेच पाऊल टाकायचं नाही, दुसरी ट्रॉली जाऊ द्यायची. ऊस बाजूलाही बाहेर आलेला असतो, सायकल लांबच ठेवा. आणि मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर अंधारात उभी ट्रॉली दिसतच नाही, थेट धडक बसते.

आजचा गृहपाठ : घरी ट्रॉली असेल तर वडिलांना घेऊन तिच्या मागे जा. रिफ्लेक्टर आहे का? असला तर चिखलाने झाकला तर नाही ना? वहीत लिहून आणा.