तंबोरे जुळलेलेच होते

बैठकीच्या गायनात मायक्रोफोनचे काम आवाज मोठा करण्याचे असले, तरी नेमका कोणता आवाज मोठा होणार हे त्याची जात, त्याचे तोंड आणि वाद्यापासूनचे त्याचे अंतर यांवरून ठरते, आणि या तिन्ही गोष्टी चुकल्यावर मिक्सरवरची कोणतीही कळ ती चूक पुसू शकत नाही. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पातळ पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलून विद्युत्संकेत निर्माण करते. तो दणकट असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही, आणि १९६६ साली बाजारात आलेला शुअर एसएम ५८ हा याच जातीचा असल्याने कोणत्याही ठेकेदाराच्या सामानात तो हमखास सापडतो. कंडेन्सर मायक्रोफोनचा हलका पडदा विद्युतभारित पट्टीसमोर कंप पावतो, त्यामुळे तो तारेचे बारकावे टिपतो. मात्र त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा, व्यवहारात ज्याला ‘फँटम’ म्हणतात तो, द्यावा लागतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या पाठीवर तार हलके घासत राहिल्याने उमटणारी उपस्वरांची आस, डायनॅमिकमधून बोथट होते. तेथे कंडेन्सरच हवा.

एका संस्थेच्या वार्षिक संगीतसभेत कंडेन्सर होता, फँटमही सुरू होता, आणि तरीही जे घडले त्याचे खापर तंबोऱ्यावर बसलेल्यांवर, म्हणजे प्रस्तुत लेखकावर व त्याच्या जोडीदारावर फोडण्यात आले. विलंबित ख्याल सुरू होताच सभागृहात तंबोरे नळीतून आल्यासारखे पोकळ ऐकू येऊ लागले, पहिल्या रांगेत ‘तंबोरे लागलेले नाहीत’ अशी कुजबुज झाली, आणि मध्यंतरात आयोजकांनी ध्वनिव्यवस्थापकाच्या सांगण्यावरून तेच वाक्य सर्वांदेखत ऐकवले. ते तंबोरे गायकाने स्वतः ग्रीनरूममध्ये मिळवून घेतलेले होते, ही गोष्ट ऐकून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. उत्तरार्धापूर्वी यंत्रणा बंद असताना, खुंटीला वा मण्याला कोणाचाही हात न लागता, त्याच तारा छेडल्या गेल्या आणि पेटीवाल्याने सहज षड्ज धरला, तेव्हा दोन्ही सूर एकजीव झाले. यंत्रणा सुरू झाली आणि पोकळपणा परत आला. दोष वाद्यात नसून मांडणीत आहे हे त्या क्षणी रंगमंचावरच्या प्रत्येकाला उमगले. ध्वनिव्यवस्थापकाला बोलावून ते दाखवले असता त्याने मोबाइलवरची नजर न हलवता ‘सगळं फ्लॅट आहे, सर’ एवढेच उत्तर दिले.

कारण गुंतागुंतीचे नव्हते. तंबोऱ्याचा मायक्रोफोन घोडीपासून सुमारे २० सेंटिमीटरवर होता आणि गायकाचा सुमारे १२० सेंटिमीटरवर, त्यामुळे एकच सूर दुसऱ्या मायक्रोफोनला १ मीटर अधिक चालून, म्हणजे जवळजवळ ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचत होता, आणि असे दोन संकेत मिक्सरमध्ये एकत्र आले की सुमारे १७०, ५१५, ८६० हर्ट्झ अशा ठरावीक अंतराने काही कंप्रता परस्परांना खोडून काढतात. दोन मायक्रोफोनमधले अंतर, मायक्रोफोन व त्याचे वाद्य यांमधल्या अंतराच्या किमान तिप्पट असावे, असा संकेत प्रसिद्ध आहे व तो येथे पाळलाही गेला होता. परंतु दोन्हींची पातळी सारखी असेल तरच तो उपयोगी पडतो, ही त्याची अट ठेकेदार सोयीस्करपणे विसरतात. गायकाचा मायक्रोफोन तोंडापासून ४० सेंटिमीटरवर ठेवून त्याची पातळी भरमसाट वाढवली होती, आणि त्यातून मागचे तंबोरे गायकाच्या बरोबरीने आत शिरत होते. तोच मायक्रोफोन २० सेंटिमीटरवर आणला असता, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढला असता, पातळी तेवढीच खाली घेता आली असती व तंबोऱ्याची गळतीही तेवढीच उतरली असती. किंवा तंबोऱ्याचा मायक्रोफोन सरळ बंद करता आला असता. ‘सेटिंग बिघडेल’ या सबबीवर दोन्ही नाकारण्यात आले.

मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा ध्वनिक्षेपक, कोठे ठेवावा हे मायक्रोफोन कोणत्या दिशेने ऐकतो यावर ठरते. कार्डिऑइड मायक्रोफोन थेट पाठीमागे बहिरा असतो, तर हायपरकार्डिऑइड तोंडापासून सुमारे ११० अंशांवर बहिरा असून पाठीमागून त्याला थोडे ऐकू येते. त्या सभेत हायपरकार्डिऑइडच्या ऐन पाठीशी मॉनिटर होता. मॉनिटरचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरून शिट्टी सुरू झाली, ती मारण्यासाठी २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा कापला गेला, आणि बंदिशीतली व्यंजने नाहीशी झाली. मॉनिटर बाजूला सरकवणे कोणाला सुचले नाही.

तबल्यासाठी मायक्रोफोन चाटेच्या वर १० ते १५ सेंटिमीटरवर, वादकाच्या हाताच्या वाटेत येणार नाही असा तिरपा ठेवावा. डग्ग्याला तो चिकटवू नये, कारण दिशात्मक मायक्रोफोन स्रोताच्या फार जवळ गेला की मंद्र कंप्रता आपोआप फुगतात, घुमाऱ्याचा गडगडाट होतो आणि गायकाचा खर्ज त्याखाली गाडला जातो. पॉप कार्यक्रमांत चालणारा हा ‘बास’ ख्यालात चालत नाही. पेटीचा मायक्रोफोन भात्याच्या बाजूला न ठेवता वरून, सुमारे ३० सेंटिमीटरवर असावा, अन्यथा सुरांआधी वारा ऐकू येतो. बाकी वायरी तपासाव्यात, वेळेवर पोहोचावे, नम्रपणे बोलावे, इत्यादी उपदेश सर्वत्र सापडतो.

साथीदारांनी मात्र एक गोष्ट आग्रहाने करावी: साउंडचेकच्या वेळी तंबोऱ्याचा मायक्रोफोन बंद करवून सभागृहात जाऊन ऐकावे. तरीही तंबोरे स्पष्ट ऐकू येत असतील, तर ते गायकाच्या मायक्रोफोनमधून येत आहेत, आणि तो जवळ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. आयोजकांनीही कलाकारांसह पूर्ण साउंडचेकची अट ठेकेदाराच्या करारात लेखी घालावी. उपर्युक्त संस्थेने तशी अट घातलेली नाही, आणि पुढील वर्षीचे कामही त्याच ठेकेदाराला दिले आहे.