जुनी फ्रेम विकायला काढण्याआधी

जुन्या सायकलची लोखंडी फ्रेम विकायला काढली, की पहिला भाव भंगारवाल्याचा येतो आणि तो किलोवर असतो. सिद्धेश्वरला आमच्या घरात काकांची रॅले होती. काका पूर्णा प्रकल्पात कालव्याच्या कामावर होते. धरणाच्या वसाहतीतून निघायचं आणि पाटाच्या कडेनं वसमतच्या दिशेनं जायचं, ते याच सायकलवर. चाकं, सीट, मडगार्ड केव्हाच गेले होते. उरली होती फ्रेम आणि पुढचा चिमटा. ती विकताना काय काय समोर आलं ते सांगतो, कारण मराठवाड्यात अशा फ्रेमा अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर आणि गोठ्यात पडून आहेत.

सगळ्यात आधी घरच्यांचा उत्साह आवरावा लागतो. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर पुतण्यानं पॉलिश पेपर आणि काळ्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. मी दोन्ही उचलून आत ठेवले. जुन्या फ्रेमची किंमत तिच्या मूळ रंगात, त्यावरच्या बारीक सोनेरी रेघांत आणि हँडलखालच्या नळीवरच्या पितळी बिल्ल्यात असते. नवा रंग चढला की जाणकार गिऱ्हाईक तिथल्या तिथे परत फिरतं. रंगाखाली काय लपवलंय, ही शंका त्याच्या मनातून जात नाही. ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, कोरडं पुसा, वरून मशीनच्या तेलाचा हात द्या. एवढं पुष्कळ झालं.

मग वस्तू ओळखा. ‘रॅले आहे’ एवढ्यानं भागत नाही. एक रॅले इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, दुसरी आसनसोलच्या सेन-रॅलेची. सेन-रॅले आणि मुंबईची हिंद सायकल्स हे दोन्ही कारखाने १९८० साली कायदा करून सरकारनं ताब्यात घेतले, त्यामुळे या नावांनाही आता इतिहास चिकटलेला आहे. आसनसोलची फ्रेम कमी दर्जाची समजून देऊन टाकू नका, आणि तिला विलायती म्हणून खपवूही नका. बिल्ल्यावर कुठे बनली ते लिहिलेलं असतं. मागच्या चाकाचा हब स्टर्मी-आर्चरचा असेल तर बहुधा त्यावर सालाचे आकडे ठोकलेले सापडतात. मात्र हब बदललेला असू शकतो, म्हणून त्यावरून फ्रेमचं साल छातीठोकपणे सांगू नये. दुसरं म्हणजे, पायडलचा एक्सल बसतो तिथले कप नवे बसवून बघण्याचा मोह टाळा. रॅलेनं आपले आटे वेगळे ठेवले होते, इंचाला २६. बाकी इंग्लिश सायकलींचे २४. मिस्त्रीनं जोर लावून भलताच कप आवळला, की आतले आटे गेलेच म्हणून समजा.

रेसिंग फ्रेम असेल तर सगळे एकच विचारतात : ५३१ आहे का? रेनॉल्ड्स कंपनीनं १९३५ साली बाजारात आणलेली ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. तिच्या नामांकित प्रकारात नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, म्हणून फ्रेम हलकी होते. सीटच्या नळीवर स्टिकर असतो, पण स्टिकर बाजारात नवेही मिळतात. तेव्हा सीटचा पाइप काढून व्हर्निअरनं मापा. ५३१ च्या चांगल्या फ्रेमला बहुधा २७.२ मिलिमीटरचा पाइप लागतो, साध्या रोडस्टरला एक इंचाचा, म्हणजे २५.४ चा. हे माप फोटोसोबत द्या. माप दिलं की निम्मे फुकटे प्रश्न बंद होतात.

फ्रेम सरळ आहे की वाकडी, हे सांगणं विकणाऱ्याचं कामच आहे. त्याला सुतळी पुरते. मागच्या चिमट्याच्या एका खाचेला सुतळी बांधा, पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीनं मोजा. अंतर सारखं आलं तर फ्रेम सरळ. त्यानंतर हँडलखालच्या जोडामागे, खाली उतरणाऱ्या नळीच्या पोटावरून नख फिरवा. रंगाला सुरकुती किंवा लोखंडाला हलका फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. ते लपवू नका, जवळून फोटो काढून पाठवा. आमच्या फ्रेमला डाव्या बाजूला पोचा होता. मी तो पहिल्याच फोटोत दाखवला आणि भावाची घासाघीस तिथेच आटोपली.

भाव ठरवायला छापील दर नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिकडे जाणं झालं तर अवश्य पाहा, आपल्या माळ्यावर काय पडलंय याचा अंदाज येतो. मला एकानं नुसता बिल्ला मागितला, वर पैसेही बरे देऊ केले. बिल्ला काढला की मागे उरतं ते भंगार, म्हणून मी दिला नाही. आपणही देऊ नका.

एका गृहस्थांचा फोन आला. फौजेत आहे म्हणाले, फ्रेम न पाहता सांगितला तो भाव कबूल, आणि ‘पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा, पिन टाका’. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एवढं एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा. कुणी फसलंच तर लगेच १९३० ला फोन लावा.

कागद सांभाळा. फ्रेमचा नंबर सीटच्या जोडाशी किंवा पायडलच्या डब्याखाली ठोकलेला असतो. आमच्याकडचं जुनं बिल परभणी जिल्ह्याच्या पत्त्याचं होतं आणि गिऱ्हाइकानं त्यावरच बोट ठेवलं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, त्याआधी आम्ही परभणीतच होतो, हे समजावून सांगावं लागलं. बिल नसेल तर साध्या कागदावर नंबर, तारीख, दोघांची नावं आणि सह्या घ्या, एक प्रत जवळ ठेवा. चोरीच्या मालाचा संशय दोन्ही बाजूंनी मिटतो.

पार्सलच्या बाबतीत कुणावर विसंबू नका. ओळखीच्या एकाची फ्रेम मागचा चिमटा आत दाबला जाऊन पोचली होती. मागच्या खाचांमध्ये जुना एक्सल घालून दोन्हीकडून नट आवळा, पुढच्या चिमट्यातही तसंच करा, म्हणजे वर वजन पडलं तरी चिमटा मिटत नाही. पुढचा चिमटा काढून पाठवणार असाल तर त्यातले छर्रे मोजून वेगळ्या पिशवीत बांधा आणि पिशवी फ्रेमलाच अडकवा. नळ्यांना जुनी ट्यूब चिरून गुंडाळा, बिल्ल्यावर पुठ्ठा ठेवून वरून दोरी बांधा. चिकटपट्टी थेट रंगावर लावाल तर काढताना सोनेरी रेघ सोबत येईल. आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झालेली स्वतः पासबुकात पाहिल्याशिवाय पार्सल घराबाहेर काढू नका.