हिरव्या पानांआड लपलेली उणीव

दूध, दही, तूप यांसह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करून केवळ न शिजवलेल्या भाज्या, फळे, मोड आलेली कडधान्ये आणि सुकामेवा यांवर निर्वाह करू पाहणाऱ्या माणसाने बाहेरून काही जीवनसत्त्वे घ्यावीत की न घ्यावीत, हा प्रश्न घेऊन अलीकडे पुष्कळ मंडळी माझ्याकडे येतात. आणि निसर्गाने जे दिले ते पुरेसे असलेच पाहिजे, हे उत्तर बहुतेकांच्या मनात आधीच पक्के झालेले असते. माझे उत्तर नेमके याच्या उलट आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व अशा आहारातून भरवशाने मिळत नाही. ते पहिल्या दिवसापासून गोळीच्या रूपाने घेतले पाहिजे, आणि प्रकृती उत्तम वाटते किंवा अंगात रक्त भरपूर आहे, एवढ्या सबबीवर ते लांबणीवर टाकता कामा नये.

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर, रक्तातील साखर वाढू लागल्याचे पाहून मी एका निसर्गोपचार शिबिरात दाखल झालो. तेथील दिनक्रम मला मानवला, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. सकाळी कोहळ्याचा रस, त्यानंतर पालक, पुदिना आणि कोथिंबीर यांचा हिरवा रस, दुपारी काकडी, गाजर, कोबी यांच्या कोशिंबिरीवर लिंबू पिळून मोडाचे मूग आणि ओले खोबरे, सायंकाळी फळे. घरी परतल्यावरही मी तोच क्रम चालू ठेवला. वजन उतरले, साखर ताब्यात आली आणि जिने चढताना लागणारी धाप नाहीशी झाली. गोळ्या म्हणजे मृत रसायने, सजीव अन्नावर वाढणाऱ्या देहाला त्यांची गरज नाही, असे शिबिराचे संचालक निक्षून सांगत, आणि त्यांच्या वाणीतील तळमळ खरी असल्यामुळे ऐकणाऱ्या कोणालाही शंका घ्यावीशी वाटत नसे.

अशी काही वर्षे सुखाने गेल्यावर तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. बसण्याच्या सवयीमुळे येत असतील, असे समजून घरातल्यांनी तिळाचे तेल चोळून दिले. पुढे मंडईतून परतताना पायातील चप्पल निसटून मागे राहिली आणि मी तसाच अनवाणी दहा-वीस पावले चालत गेलो. मागून येणाऱ्या एका मुलाने हाक मारून ती आणून दिली, तेव्हा कोठे ती पायात नसल्याचे मला कळले. त्याहून चमत्कारिक अनुभव मोरीत येई. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की देह एका बाजूला झुकू लागे आणि भिंतीला हात टेकल्यावाचून उभे राहणे अशक्य होई. जीभ गुळगुळीत आणि लालबुंद झाली होती. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन अगदी योग्य प्रमाणात भरले. वयोमानाने असे व्हायचेच, असा निर्वाळा मिळाला आणि आणखी काही महिने तसेच गेले.

अखेरीस मज्जातंतूंच्या तज्ज्ञाने नादकाटा वाजवून माझ्या घोट्यावर टेकवला आणि तो थरथरतो आहे काय, असे विचारले. कानाला त्याचा नाद येत होता, परंतु घोट्याला थरथर म्हणून काहीच जाणवत नव्हते. ब-१२ ची तपासणी त्यांनीच प्रथम करविली, आणि ते अत्यंत अल्प असल्याचे आढळले.

मग रक्त उत्तम कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने मुंबईत येऊन गिरण्यांतील गरोदर कामकरी स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. हे फोलेट हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते. ब-१२ च्या अभावी रक्तात जो बिघाड व्हावयाचा, तो भरपूर फोलेट मिळाल्याने पुष्कळसा झाकला जातो, परंतु मज्जातंतूंचा ऱ्हास त्याने थांबत नाही. शिजविलेल्या अन्नातील फोलेट आचेने बरेच नष्ट होते. कच्च्या पाल्यात ते शाबूत राहते. म्हणजे कच्च्या आहाराचा जो खरा गुण, तोच रोगाचे पहिले लक्षण दडवून ठेवतो. आणि रोज हिरवा रस पिणाऱ्याने केवळ हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबणे अतिशय धोक्याचे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा फसवा भाग काळाचा. मनुष्याला ब-१२ दिवसाकाठी जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते आणि यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरेल इतका असतो. त्यामुळे वसूल बंद झालेला असताही जुन्या शिलकेवर खजिना बिनतक्रार चालावा, तसा देहाचा कारभार चालू राहतो. आपल्याकडील दूध-ताक घेणाऱ्या शाकाहारी माणसाची ही शिल्लक मुळातच तुटपुंजी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो दीर्घ अभ्यास चालविला आहे, त्यात गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. दूध-दही ही शाकाहारी मनुष्याची उरलेली एकच वाट असते, आणि करुणेपोटी का होईना, तीही बंद करणाऱ्याने दुसरी तजवीज केलीच पाहिजे.

गोळी अनैसर्गिक, हा आक्षेप मी आदराने ऐकतो, परंतु मान्य करीत नाही. ब-१२ वनस्पती निर्माण करीत नाही आणि प्राणीही करीत नाही. ते केवळ सूक्ष्म जंतू करतात. गाईच्या पोटात ते जंतू असतात. आपल्याही मोठ्या आतड्यात असतात, पण हे जीवनसत्त्व शोषून घेणारा भाग त्यांच्या वर, लहान आतड्याच्या शेवटास असल्यामुळे त्यांच्या श्रमाचा आपणास उपयोग होत नाही. गोळीतील ब-१२ जंतूंकडूनच आंबवण्याच्या क्रियेने तयार करवितात. त्यात प्राणिहिंसा नाही. मात्र कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असू शकते, तेवढे पाहून घ्यावे. भाजी न धुता खाल्ली की मातीतून ब-१२ मिळते, असे कोणी सांगितल्यास त्याच्या नादी मुळीच लागू नये. त्या मातीबरोबर पट्टकृमीची अंडी पोटात जाऊ शकतात आणि त्यांपासून मेंदूचा विकार जडू शकतो. स्पिरुलिनाचाही भरवसा धरू नये; तिच्यात जे असते ते बहुतांशी ब-१२ चे निरुपयोगी प्रतिरूप असते, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत तेही खऱ्याप्रमाणे मोजले जाऊ शकते.

१९४४ साली इंग्लंडात सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणाऱ्यांची व्हीगन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा ब-१२ हे द्रव्य वेगळे काढले गेलेलेच नव्हते. ते १९४८ साली साधले. त्या पहिल्या पिढीतील काही निष्ठावंतांना जीभ सोलवटणे आणि अंग बधिर होणे सोसावे लागले. आज ती संस्था आपल्या अनुयायांना ब-१२ घेण्यास स्वतःच बजावते. गांधीजींनी १९२९ साली कच्च्या अन्नाचा प्रयोग केला आणि प्रकृतीने साथ न दिल्यावर तो सोडून दिला. सत्याशी प्रामाणिक राहणाऱ्या माणसाला आहारातील हट्ट सोडण्यात कमीपणा वाटत नाही.

आता तपशील. ब-१२ दररोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, हे निरोगी प्रौढासाठी. एका वेळी शोषले जाणारे प्रमाण फार थोडे असल्यामुळे आठवड्याची मात्रा एवढी मोठी वाटते. मुंग्या सुरू झालेल्या माणसाने मात्र गोळ्यांवर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. मला इंजेक्शने घ्यावी लागली, तोल सावरण्यास कित्येक महिने लागले आणि डाव्या पायाची बोटे अद्याप बधिरच आहेत. तपासणी करावयाची ती उपचार सुरू होण्यापूर्वी, आणि शक्य असल्यास रक्तातील होमोसिस्टीनच्या तपासणीसह. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी अधिकच सावध असावे, कारण त्यानेही ब-१२ घटते. बाकीच्या गोष्टी थोडक्यात: उन्हात न जाणाऱ्याने ड जीवनसत्त्व तपासावे, सैंधव वापरणाऱ्याने आयोडीन कोठून मिळते याचा विचार करावा, जवस रोज थोडी कुटून खावी, राजमा कधीही कच्चा खाऊ नये.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. आईच्या दुधात ब-१२ नसेल तर तिला काहीही होत नसताना मूल सुस्त होते, हसणे-बसणे विसरते, त्याच्या अंगाला कंप सुटतो. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा भारतीय अर्भकांचे वर्णन करून ठेवले आहे. अशा काळात शक्यतो हा आहार आरंभूच नये. आधीपासून चालू असेल, तर आपण ब-१२ घेतो किंवा नाही हे प्रसूतितज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगावे, आणि बाळाच्या डॉक्टरांनाही तेच न विचारता सांगावे.