पाच किलोवॉटच्या घरात हजारो अँपिअर?

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला. पूर्वी किटकॅट फ्यूज होते, आता एमसीबी आल्या. वायरमन म्हणतो, 10 हजार अँपिअरवाल्या घ्या. आमचा मंजूर भार जेमतेम 5 किलोवॉट. एवढा करंट येणार कुठून? शिवाय गिझर लावला की 16 ची एमसीबी पडते. तिथे 32 ची बसवावी का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : 32 ची अजिबात बसवू देऊ नका.

आधी करंटचं. मंजूर भार हा महावितरणच्या बिलावरचा आकडा; शॉर्ट सर्किटला तो बांधून ठेवत नाही. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले की करंट अडवायला उरतात फक्त ट्रान्सफॉर्मर आणि वायर. सोसायटीच्या आवारात 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि त्याचा इम्पिडन्स 5 टक्के धरला, तर त्याच्या तोंडाशी साधारण 17 हजार अँपिअर निघू शकतात. तिथून वायर जितकी लांब आणि बारीक, तितका आकडा उतरतो. मीटरपासून 25 मीटर वर गेलेल्या 10 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीनंतर तो अडीच हजारांच्या आत येतो.

एमसीबीवर चौकटीत छापलेला 6000 किंवा 10000 हा आकडा ती स्वतः न फुटता किती करंट तोडू शकते ते सांगतो. वरच्या मजल्यावर 6000 सहसा पुरते. ट्रान्सफॉर्मरला लागून असलेल्या मीटररूममध्ये मात्र 10000 सुद्धा हिशेब करूनच घ्यावी. म्हणजे वायरमनचा आग्रह चुकीचा नाही.

आता सी16, सी32. हा आकडा गिझर पाहून नव्हे, भिंतीतली वायर पाहून ठरतो. सी प्रकारची एमसीबी आकड्याच्या पाच ते दहा पटींत क्षणार्धात पडते : सी16 जास्तीत जास्त 160 अँपिअरला, सी32 मात्र कदाचित 320 पर्यंत थांबेल. जुन्या वाड्यांत 1.5 चौरस मिलिमीटरची वायर 30 मीटर फिरून मागच्या खोलीत जाते. तिच्या टोकाला शॉर्ट झाला तर 300 अँपिअरही मिळणं कठीण. सी32 मग काही सेकंद तशीच बसून राहू शकते, आणि 250 अँपिअरला त्या वायरीचं पीव्हीसी अर्ध्या सेकंदातच हद्द गाठतं. आगी अशा लागतात. तुमची वायर 2.5 ची असली, तरी पाइपातून जाताना ती 32 अँपिअर सतत सोसणार नाही.

2 किलोवॉटचा गिझर 9 अँपिअरच्या आत घेतो. तरीही 16 ची पडत असेल तर त्याच लाइनवर वॉशिंग मशीन आहे का, एमसीबीचा स्क्रू ढिला होऊन तापतो का, गिझरची कॉइल गेली आहे का, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि एक, न विचारलेलं : एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, अर्थिंग नीट हवं, आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून पाहायला हवं.