मनगटावरचे घड्याळ आणि आपली नाडी

पोलीस भरतीची तयारी करणारी आपल्या वस्त्यांतील मुले-मुली पहाटे मैदानावर धावतात, सायकल मारतात. हल्ली अनेकांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ असते. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून ते घेतलेले असते, म्हणून त्यातल्या आकड्यावर विश्वासही तेवढाच. पण तक्रारीही आमच्या कानावर येतात. त्याच मैदानाच्या त्याच चार फेऱ्या काल १.७ किलोमीटर, आज १.५. चढावर धाप लागलेली असताना नाडी ९० आणि संथ धावताना १७५! काहीजण आकड्याला घाबरून सराव सोडतात. काहीजण आकडा ठीक दिसतो म्हणून छातीतली कळ सोसत धावतात. हे जिवावर बेतू शकते. म्हणून हे यंत्र कुठे चुकते, ते समजून घेऊ.

घड्याळ नाडी कशी मोजते?

घड्याळाच्या मागून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचे रक्त कमी-जास्त होते, तसा परतणारा प्रकाश बदलतो. त्यावरून घड्याळ अंदाज बांधते. पट्टा सैल असला, हात जोरात हलला, थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या किंवा मनगटावर गोंदण असले की हा अंदाज चुकू शकतो. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावले पडतात. कधीकधी घड्याळ पावलांचा तालच नाडी समजते. सायकलवर मनगट वाकलेले असते आणि खड्ड्यांचे हादरे बसतात, तेव्हाही हेच होते. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संदेश टिपतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. पण तो घेतलाच पाहिजे असे नाही.

बाकीचे आकडे

अंतर : उपग्रहाच्या संदेशावरून ठरते. त्यात काही मीटरचा फरक पडतोच. उंच इमारती, दाट झाडी आणि मैदानाची वळणे यांमुळे तो वाढतो.

कॅलरी : अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रे तपासली. सातांपैकी सहांची नाडी बऱ्यापैकी बरोबर होती. पण कॅलरीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले. तेव्हा घड्याळाची कॅलरी पाहून जेवण कमी करू नका.

ऑक्सिजन : २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासात दिसले की, बोटाला लावायच्या यंत्राने गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची कमतरता जवळपास तिप्पट वेळा हेरली नाही. रुग्णालयातल्या यंत्राची ही गत, तर घड्याळावर किती विसंबायचे? सावळ्या-काळ्या त्वचेच्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

मग करायचे काय?

१. ४०० मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या पट्ट्यातून धावा. मुलांचे १६०० मीटर म्हणजे ४ फेऱ्या, मुलींचे ८०० मीटर म्हणजे २ फेऱ्या. बाहेरच्या पट्ट्यात प्रत्येक फेरीला अंतर वाढते. वेळ साध्या स्टॉपवॉचने मोजा.

२. थांबल्याबरोबर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवा. १५ सेकंदांतले ठोके मोजून ४ ने गुणा. ३८ ठोके म्हणजे १५२. नाडी पाहताना अंगठा वापरू नये. त्याची स्वतःची नाडी जाणवते.

३. धावताना सोबत्याशी बोलून पाहा. पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग सोपा. एक-दोन शब्दच निघाले तर वेग कठीण. आठवड्यातले बहुतेक दिवस सोप्या वेगाचे असावेत.

४. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून वहीत लिहा. ती नेहमीपेक्षा दहाएक ठोक्यांनी वाढलेली असेल, अंगात कणकण किंवा थकवा असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्या.

हे दिसले की थांबा

छातीत दुखणे किंवा दाब, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित पडणे, उन्हात धावताना बडबडल्यासारखे होणे. यांपैकी काहीही झाले तर घड्याळ काय दाखवते ते पाहत बसू नका. धावणे थांबवा, सावलीत बसा, सोबत्याला सांगा आणि १०८ ला फोन करा. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वीच सरकारी दवाखान्यात हृदयाची तपासणी करून घ्या.

घड्याळ असेल तर जरूर वापरा, पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर घट्ट बांधा. नसेल तर त्यासाठी कर्ज काढू नका. त्या पैशांत चांगले बूट, अंडी, शेंगदाणे आणि डाळ येते.