नागरिक कोणास म्हणावे? घटना समितीतील एक वाद



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. अर्जदार पात्र की अपात्र, हा प्रश्न रोज आमच्या टेबलावर येतो. देशाचा नागरिक होण्यास पात्र कोण, हा प्रश्न ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीपुढे होता. त्या वादात एका बाजूस परमपूज्य बाबासाहेब आणि दुसऱ्या बाजूस आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख होते.

भाऊसाहेब आपल्याला परके नव्हेत. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली झालेल्या चळवळीत ते पुढे होते. त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज भाऊसाहेबांच्याच नावाने ओळखले जाते.

१० ऑगस्टला बाबासाहेबांनी नागरिकत्वाची कलमे मांडली. त्यांनी मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. भाऊसाहेबांचा आक्षेप असा की, यामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. प्रवासात मुंबई बंदरात थांबलेली परदेशी बाई येथे बाळंत झाली, तर ते मूलही भारतीय ठरेल काय? त्यांच्या दुरुस्तीनुसार भारतीय आईबापांचा येथील रहिवासी नागरिक ठरणार होता. शिवाय दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू वा शीख, तो कोठेही राहत असला तरी, पात्र ठरणार होता. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. त्यामागची कळकळ आपण समजून घेतली पाहिजे.

दुरुस्ती नामंजूर झाली. कलम ५ ची पहिली अट अधिवासाची आहे, म्हणजे भारत हेच कायमचे घर असले पाहिजे. त्यासोबत स्वतःचा जन्म भारतातला, किंवा आई अथवा वडील यांचा जन्म भारतातला, किंवा पाच वर्षांचा रहिवास, यांपैकी एक गोष्ट हवी. नुसता बंदरातला जन्म पुरत नाही. या कलमात जात, धर्म, शेतसारा वा शिक्षण विचारलेले नाही. १९३५ च्या कायद्यात मताधिकारासाठी मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या अटी होत्या. ज्यांना जमीन आणि शाळा दोन्ही नाकारली गेली, ते बहुतेक बाहेरच राहिले.

भाऊसाहेबांच्या दुरुस्तीत बौद्धांचे नाव नव्हते. सातच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला आपण धम्मदीक्षा घेतली. पुढे २०१९ च्या दुरुस्ती कायद्यात तीन शेजारी देशांतून आलेल्यांसाठी सहा धर्मांची यादी आली. तीत बौद्ध आहेत, मुस्लिम नाहीत. छळ सोसून आलेल्यांना आसरा हवा, असे समर्थक म्हणतात. धर्माची अट समतेला बाधक आहे, असे विरोधक म्हणतात.

आमचे मत एवढेच की, यादीत आपले नाव आहे काय, यावरून अट न्याय्य ठरत नाही. नाव नसते तर आपण तिला काय म्हटले असते, हे आधी स्वतःला विचारावे. बंद दारासमोर ज्यांचे आजे उभे राहिले, त्यांनी तरी हे विचारलेच पाहिजे.

विद्यार्थ्यांनी कलम ५ ते ११ मुळातून वाचावीत, ही विनंती.

जयभीम!