वाइल्ड कार्ड म्हणजे काय? सुमित नागलच्या टेनिसमधून आपल्या वर्गासाठी एक पाठ



आपल्या बोदलकसा परिसरात टेनिसचं मैदान नाही. इथली मुलं कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट खेळतात. मग टेनिसवर पाठ कशाला? कारण कमी पैसा, दुखापत, हुकलेली संधी आणि त्यातून वर येण्याचा प्रयत्न या गोष्टी गावातल्या मुलांनाही कळतात. शिवाय या खेळाडूच्या हिशोबातून पाचवीचं गणितही छान शिकवता येतं.

आधी तीन शब्द समजून घेऊ

क्रमवारी : टेनिसमध्ये जिंकलेल्या सामन्यांचे गुण मिळतात. मागच्या 52 आठवड्यांतल्या चांगल्या निकालांची बेरीज करून खेळाडूचा नंबर ठरतो. वर्ष झालं की जुने गुण गळून पडतात, म्हणजे मागच्या वर्षीच्या पुण्याईवर यावर्षी भागत नाही.

पात्रता फेरी : नंबर खाली असेल तर मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही. आधी पात्रता फेरीचे सामने जिंकावे लागतात.

वाइल्ड कार्ड : आयोजक काही मोजक्या जागा स्वतःकडे राखून ठेवतात. या जागांवर नंबर न पाहता कोणालाही थेट प्रवेश देता येतो. ग्रँड स्लॅममध्ये एकेरीच्या 128 जागांपैकी 8 जागा अशा असतात. स्थानिक, होतकरू किंवा दुखापतीतून परत आलेल्या खेळाडूला बहुतेक वेळा ती मिळते.

पुण्यात काय झालं?

पुण्याच्या बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात टाटा ओपन महाराष्ट्र ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत असे. 2023 साली तिथे पुण्याचा 15 वर्षांचा मानस धामणे आणि हरियाणाचा सुमित नागल या दोघांना वाइल्ड कार्ड मिळालं. नागलच्या कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली होती. खेळ थांबल्याने त्याचा नंबर घसरून पाचशेच्या पलीकडे गेला होता.

मानस पहिल्याच फेरीत अमेरिकेच्या मायकेल एममोहकडून 2-6, 4-6 असा हरला. नागलही पहिल्याच फेरीत सर्बियाच्या फिलिप क्राजिनोविचकडून तीन सेटमध्ये हरला. या दर्जाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं की क्रमवारीचे गुण शून्य मिळतात.

इथे मुलांना थांबवून विचारा, "मग वाइल्ड कार्डचा फायदा काय झाला?" दोन्ही बाजूंनी उत्तरं येऊ द्या. अनुभव मिळाला हे खरं, नंबर वाढला नाही हेही खरं.

नागल वर कसा आला?

तो लहान स्पर्धांमध्ये खेळत राहिला. टेनिसमध्ये मोठ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीला चॅलेंजर म्हणतात. 2023 मध्येच त्याने रोम आणि फिनलंडमधल्या टाम्पेरे इथल्या चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या. आपल्या ताकदीला झेपेल, जिंकता येईल आणि गुणही मिळतील अशा स्पर्धा निवडणं हे खेळाडूचं अर्धं काम असतं.

जानेवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो वाइल्ड कार्डशिवाय, पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आत गेला. तिथे त्याने 31 वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिक याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही 1989 मधल्या रमेश कृष्णन यांच्या विजयानंतरची पहिलीच वेळ होती. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात आला आणि जुलैपर्यंत 68 व्या नंबरवर पोहोचला.

पण 52 आठवड्यांचा नियम कोणालाच सोडत नाही. 2025 मध्ये जुने गुण गळाले, तेवढे नवे आले नाहीत आणि तो पुन्हा शंभराबाहेर गेला.

गणिताचा तास

सप्टेंबर 2023 मध्ये नागलने मुलाखतीत सांगितलं होतं की वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या खात्यात फक्त 900 युरो, म्हणजे साधारण 80 हजार रुपये होते. त्याचे आकडे फळ्यावर लिहा :

वर्षभराचा खर्च : 80 लाख ते 1 कोटी रुपये
24 स्पर्धांमधून मिळालेले : सुमारे 65 लाख रुपये
त्यापैकी एकट्या अमेरिकन ओपनचे : सुमारे 18 लाख रुपये

प्रश्न 1. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तूट किती? (15 लाख ते 35 लाख)
प्रश्न 2. अमेरिकन ओपन वगळून उरलेल्या 23 स्पर्धांमधून सरासरी किती मिळाले? (47 लाख ÷ 23, म्हणजे साधारण 2 लाख)
प्रश्न 3. अमेरिकन ओपनमध्ये तो पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात हरला होता. तरी सगळ्यात जास्त पैसे तिथूनच का मिळाले?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात खरी चर्चा होते. तूट कशी भरली, तेही सांगा. इंडियन ऑइलचा पगार आणि महाटेनिस फाउंडेशनची मदत त्याला होती.

आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, शाळेतही वाइल्ड कार्ड द्या. पंधरा ऑगस्टचं भाषण दरवर्षी त्याच चार मुलांकडे का जातं? मागच्या रांगेतल्या मुलीलाही एकदा द्या. पण एकदम माईकसमोर उभं करू नका. आधी गटात, मग वर्गात, मग परिपाठात बोलू द्या. या तिच्या चॅलेंजर स्पर्धा. आणि पहिल्यांदा अडखळली म्हणून तिचं नाव कायमचं खोडू नका.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. शिष्यवृत्ती, नवोदय आणि जी दिसेल ती खाजगी परीक्षा, सगळीकडे लेकराचा फॉर्म भरू नका. दोन निवडा, त्यांची तयारी नीट होऊ द्या, मध्ये खेळायला आणि झोपायला वेळ ठेवा. थकलेला खेळाडू हरतो, तसंच लेकराचंही होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नागलची तूट लाखांची, आपली शे-दोनशेची असते. पण तिरोडा किंवा गोंदियाला स्पर्धेला जायचं भाडं नाही म्हणून निवड झालेलं पोरगं घरी राहिलं, तर त्याच्यासाठी ती तूट तेवढीच मोठी आहे. रोवणीच्या दिवसांत तर घरात पैसाही नसतो आणि सोबत जायला माणूसही नसतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत प्रवासखर्चासाठी छोटा निधी आणि सोबत जाणाऱ्या माणसाचं नाव, हे दोन विषय घ्या. निवड झाली आणि जाता आलं नाही, असं एकाही मुलाच्या बाबतीत घडू नये.

स्वाध्याय : 2001 मध्ये 125 व्या नंबरवर असलेला गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवर विम्बल्डनमध्ये आला आणि थेट विजेता झाला. पण त्याआधी तो तिथे 1992, 1994 आणि 1998 चे तीन अंतिम सामने हरला होता. त्याचं यश वाइल्ड कार्डचं की त्या आधीच्या वर्षांचं? मुलांना पाच ओळी लिहायला सांगा.